डेलावेअरवर माशी उठेपर्यंत

अमेरिकेहून परत आल्यावर लोक दोनच गोष्टी विचारतात. नायगारा पाहिला का, आणि थंडी होती का. नायगारा मी पाहिला नाही. थंडी मात्र भरपूर सोसली, तीही जून महिन्यात, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून. दोन महिन्यांच्या मुक्कामात मी भावाच्या गावाबाहेर, एडिसनबाहेर, एकदाच पडलो, चार दिवसांसाठी, आणि त्यातले तीन दिवस एका किड्याची वाट बघण्यात गेले.

त्या किड्याला मेफ्लाय म्हणतात. वर्ष-दोन वर्षं तो नदीच्या तळाशी गाळात राहतो आणि एखाद्या संध्याकाळी हजारोंच्या संख्येनं पाण्यावर येतो. तिथेच पंख फुटतात, उडतो, आणि एक-दोन दिवसांत मरतो. माशी अशी उठली की तिच्यासाठी ट्राऊट मासे वेडे होतात, आणि मासे वेडे झाले की त्यांच्यासाठी माणसं. याला तिकडे हॅच म्हणतात. माझा थोरला भाऊ गेली पंचवीस वर्षं दर जूनमध्ये हॅच गाठायला डेलावेअर नदीच्या वरच्या अंगाला जात असे. यंदा त्याला एकट्याला जाता येणार नव्हतं.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. कॅन्सर यकृतापर्यंत पोहोचलेला. आधीच्या दोन केमोंनी त्याच्या हातापायांच्या बोटांची जाणीव नेली, रोग मात्र जागचा हलला नाही. आता डॉक्टर तिसरी केमो सुचवत होते, येत्या सोमवारपासून. दादा हो म्हणत नव्हता, नाही म्हणत नव्हता, कुणाला ताकास तूर लागू देत नव्हता. त्याचं पालुपद एकच, आधी नदीवर जाऊन येऊ.

निघायच्या सकाळी शैलावहिनींनी मला स्वयंपाकघरात गाठलं. थालीपिठं फॉइलमध्ये गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही विचारा त्यांना. सोमवारचं करायचं की नाही, स्पष्ट विचारा. मी विचारलं की टीव्हीचा आवाज वाढवतात."

"माझं कधी ऐकलंय त्यानं?"

"ऐकू नका म्हणावं. उत्तर द्या म्हणावं. हो म्हणाले तर हो. नाही म्हणाले तर मी पुन्हा शब्द काढणार नाही. पण त्यांच्या तोंडून यायला पाहिजे."

मी बरं म्हणालो. वडील गेले तेव्हा दादा एकोणीस वर्षांचा होता आणि तेव्हापासून आमच्या घरात त्याचा शब्द शेवटचा. मी काय शिकायचं, कुठे नोकरी करायची, सगळं त्यानं ठरवलं. त्याला उलटून बोलणं सोडाच, सरळ प्रश्न विचारल्याचंही मला आठवत नाही. शिवाय कठीण विषय निघाला की आमच्याकडे कुणीतरी "आधी जेवून घेऊ" म्हणतं आणि जेवण झाल्यावर सगळे झोपतात. अशा घरातल्या माणसावर वहिनींनी हे काम सोपवलं होतं.

गुरुवार

गाडी सईनं चालवली. सई दादाची मुलगी, तिथेच जन्मलेली, शाळेत जीवशास्त्र शिकवते. मराठी सगळं समजतं, बोलताना इंग्रजीत घुसते. तीन तासांत आम्ही हॅन्कॉकला पोहोचलो. डेलावेअरच्या पूर्व आणि पश्चिम अशा दोन शाखा या गावाखाली एकत्र येतात. मी कराडचा माणूस. कृष्णा-कोयनेचा संगम बघत मोठा झालो, त्यामुळे संगम म्हटल्यावर घाट असेल, देऊळ असेल, निदान एखादा भेळवाला असेल असं मी धरून चाललो होतो. तिथे काही नव्हतं. दोन नद्या न बोलता एकमेकींत मिसळत होत्या आणि पलीकडे डोंगरभर झाडी होती.

वॉल्ट नावाच्या सत्तरीतल्या माणसाचं सहा खोल्यांचं मोटेल आणि त्याला लागूनच मासेमारीच्या सामानाचं दुकान. दादाची त्याची जुनी ओळख. दादाला गाडीतून उतरताना बघून तो क्षणभर थांबला.

"यू गॉट थिन, आरव्ही," तो म्हणाला. तिकडे दादाचं हेच नाव.

"डाएटिंग," दादा म्हणाला.

बस्स. यापलीकडे चार दिवसांत त्यानं आजाराबद्दल एक अक्षर विचारलं नाही. कराडात असतं तर संध्याकाळपर्यंत निम्मी आळी गुळवेलीचा काढा घेऊन आली असती. मला आधी वॉल्टचा रागच आला. मग पाहिलं, त्यानं आमच्या सामानातली सर्वांत जड पेटी उचलली होती आणि नदीच्या अगदी जवळची, एकही पायरी नसलेली खोली दिली होती.

माशी कधी उठणार, मी त्याला विचारलं. त्यानं आभाळाकडे बघितलं, पाण्यात बोट घातलं आणि म्हणाला, "टुनाइट, मेबी. टुमारो, मेबी."

मी चौतीस वर्षं बस स्टँडवर कंट्रोलर होतो. "येईल, पाच-दहा मिनिटांत येईल" हे वाक्य मी स्वतः लाखभर प्रवाशांना ऐकवलं असेल. त्या सगळ्यांचे तळतळाट मला हॅन्कॉकमध्ये लागले.

त्या संध्याकाळी काठावर बसून राहिलो. पाणी रिकामं. सई मला समजावून सांगत होती, "काका, अ‍ॅडल्ट झाल्यावर देअर माउथ डझंट वर्क. ते काहीच खात नाहीत. दे जस्ट फ्लाय."

"सुखी प्राणी," दादा म्हणाला. "दोन घास खाऊन घे म्हणून कुणी मागे लागत नाही."

माझ्या हातात थालीपीठ होतं, त्याच्यासाठी काढलेलं. मी ते स्वतःच खाऊन टाकलं. खोलीवर आल्यावर वहिनींचा फोन आला.

"बोललात?"

"दमलाय आज. उद्या बोलतो."

शुक्रवार

सकाळी मोटेलच्या हिरवळीवर माझी शिकवणी झाली. दादाच्या काठीला गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधला आणि तो खुर्चीत बसून हुकूम सोडू लागला. दोरी मागे फेकायची, हवेत पूर्ण सरळ होऊ द्यायची, मग पुढे. हात घड्याळातल्या दहापासून एकपर्यंतच हलला पाहिजे.

"एकच्या पुढे जाऊ नकोस, नंद्या! दोन वाजवलेस तू!"

घड्याळाची भाषा मला कळते, हाताला कळत नव्हती. लोकर माझ्या चष्म्यात अडकली, कॉलरमध्ये अडकली, एकदा वॉल्टच्या कुत्र्याच्या शेपटीला बसली. दादा हसता हसता खोकू लागला आणि सई पाणी आणायला धावली. मी त्याला असं हसताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

त्याच्या डबीत पन्नासेक नकली माश्या होत्या. हरणाचे केस, कोंबडीची पिसं आणि रेशमी दोरा गळावर गुंडाळून त्यानं स्वतः घरी बनवलेल्या. पिवळसर हिरवट पंख उभे असलेली एक मला दाखवून म्हणाला, "ही गेल्या वर्षीची. आता बनवता येत नाहीत. दोरा बोटात आहे की नाही तेच कळत नाही."

दुपारी नदीकाठच्या पाटीपाशी आमचा वाद झाला. या भागात पकडलेला मासा जिवंत सोडायचा, असं तिच्यावर लिहिलेलं.

"सोडायचा? मग पकडायचा कशाला?" मी विचारलं. आम्ही लहानपणी बांबूच्या काठीला गांडूळ लावून कृष्णेत बसायचो. मरळ लागली तर आई त्याच दिवशी कालवण करायची आणि शेजारी वाटी जायची. पकडून सोडलेल्या माशाबद्दल आईला काय सांगितलं असतं, कोण जाणे.

"इथे भूक लागली म्हणून कुणी येत नाही रे," दादा म्हणाला.

संध्याकाळी छातीपर्यंतची रबरी विजार चढवून मी पाण्यात उतरलो. वर धरण आहे, त्याच्या तळातलं पाणी सोडतात, त्यामुळे रबरातूनही हाडं गारठतात. खाली शेवाळलेले गोटे. दादा काठावर खुर्चीत. थोड्या माश्या उठल्या, दहा-वीसच, आणि माझ्या समोर पाण्याला गोल पडला. माझी नकली माशी दिसेनाशी झाली. मी कृष्णेवर मारायचो तसा जोरात हिसका मारला. दोरी तटकन तुटली. मासाही गेला, दादाची गेल्या वर्षीची माशीही गेली.

"अरे, त्याला तोंड तरी मिटू दे!" दादा ओरडला. पण रागावला नाही.

जेवणानंतर विचारायचं, असं मी ठरवलं होतं. जेवणानंतर तो झोपला. वहिनींना मी फोनवर सांगितलं, उद्या नक्की.

शनिवार

हा दिवस वाईट उजाडला. पहाटेपासून त्याला उलट्या होत होत्या. दुपारपर्यंत तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. सई आणि मी बाहेर दारापाशी हिरवळीवर बसलो होतो. आत त्याचा कण्हण्याचा आवाज आला की आम्ही दोघंही उठायचो आणि पुन्हा बसायचो.

"डॉक्टर म्हणाले, कदाचित तीन-चार महिने जास्त मिळतील," सई म्हणाली. "बट मोस्टली इन बेड. असंच. एव्हरी डे लाइक धिस. आईला तेही हवेत. आय डोन्ट ब्लेम हर. मला काय हवंय ते मलाच कळत नाही, काका. तुम्ही विचारणार आहात ना?"

"विचारणार आहे."

"आज विचारा. प्लीज."

चार वाजता दादा उठून बसला आणि म्हणाला, बूट द्या. सई नको म्हणाली, मी बूट आणले. आम्ही दोघांनी मिळून त्याला विजार चढवली. त्याचे पाय माझ्या मनगटाएवढे झाले होते.

साडेसातच्या सुमाराला वारा पडला. आम्ही त्याला दोन्ही बाजूंनी धरून गुडघाभर पाण्यात उभं केलं होतं. आधी एक माशी आली. मोठी, पिवळसर, शिडासारखे पंख उभे करून पाण्यावरून वाहत आली आणि उडाली. मग पाच. मग मोजता येईना. सगळ्या नदीतून त्या वर येत होत्या, अंगावरची साल टाकत होत्या, पंख वाळेपर्यंत वाहत होत्या आणि उठत होत्या. पाणी तांदळाला उकळी फुटावी तसं झालं, कारण खालून मासे येत होते. माश्या टिपायला पाकोळ्या डोक्यावरून सपासप जात होत्या. माझ्या बाहीवर, चष्म्यावर, दादाच्या टोपीवर माश्या बसल्या. एवढी मऊ, एवढी निरुपद्रवी गर्दी मी आयुष्यात पाहिली नाही.  दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यानं ते पुसलं नाही.

"बांध," तो मला म्हणाला.

सहाव्या प्रयत्नात मला गाठ जमली. काठी मात्र त्यानं घेतली. बोटं गेली होती, पण मनगट सगळं जाणत होतं. दहा, एक, दहा, एक, आणि दोरी इतकी अलगद पडली की पाण्याला कळलं नसेल. तिसऱ्या फेकीला गोल उमटला. तो थांबला. मग काठी उचलली, आणि ती वाकली.

"नंद्या, ओढतोय का तो?" त्यानं विचारलं. "मला दोरी लागत नाहीये हाताला. सांग मला."

मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि दोरी माझ्या दोन बोटांत धरली. दोरी थरथरत होती.

"ओढतोय," मी म्हणालो. "जोरात ओढतोय. सोड, दादा, सोड. आता थांबला. आता घे."

असे आम्ही दहा मिनिटं उभे होतो, मी सांगत होतो आणि तो करत होता. आयुष्यभर हे उलटं चाललेलं. सईनं जाळं खाली घातलं. हातभर लांब ट्राऊट, पिवळं पोट, अंगावर तांबडे ठिपके. दादानं गळ काढायला लावला आणि माशाला दोन्ही हातांनी पाण्यात धरलं, प्रवाहाकडे तोंड करून. दमलेल्या माशाला दम खाऊ द्यावा लागतो, नाहीतर सोडल्यावर तो मरतो. दादा वाकून उभा होता. थोड्या वेळानं शेपटी हलली आणि मासा त्याच्या हातांतून निघून गेला. दादा तसाच वाकलेला, ओंजळ पाण्यात.

"आहे का?" त्यानं विचारलं.

"गेला," मी म्हणालो.

सई सामान गाडीत ठेवायला वर गेली. आम्ही दोघं काठावरच्या ओंडक्यावर बसलो. अजून उजेड होता. दादा धापा टाकत होता, पण चेहरा निवळलेला. मग तो म्हणाला, "आता बोल. शैलानं तुला काय विचारायला पाठवलंय?"

शब्द मी तीन दिवस पाठ करत होतो. दादा, सोमवारचं काय करायचं. एवढंच म्हणायचं होतं. त्यानं स्वतः दार उघडून दिलं होतं, माझ्याकडे बघत वाट पाहत होता. मला सकाळची खोली आठवली. खरं सांगायचं तर मला भीती वाटली, की मी विचारलं तर तो हो म्हणेल. आमच्यासाठी म्हणेल, आणि मग उरलेले दिवस भिंतीकडे तोंड करून काढेल.

"काही नाही," मी म्हणालो. "थालीपीठ खाऊन घ्या म्हणाल्यात."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग हात पुढे केला. मी थालीपीठ दिलं. त्यानं एक तुकडा मोडला, चावला, आणि बाकीचं मला परत दिलं.

रविवार आणि नंतर

रविवारी सकाळी वॉल्टनं दादाशी हस्तांदोलन केलं आणि नेहमीसारखं "नेक्स्ट जून" म्हणाला. दादाही "नेक्स्ट जून" म्हणाला. गाडीत तो झोपला होता.

एडिसनला पोहोचलो. दादा आत जाऊन आडवा झाला. वहिनी दारातच उभ्या होत्या. काही विचारायच्या आधीच त्यांचा चेहरा उत्तर शोधत होता. त्या चेहऱ्यापुढे "विचारलं नाही" असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

"विचारलं," मी म्हणालो. "नको म्हणाला."

वहिनींनी मान हलवली. पदर नव्हता, तर ओढणीनं तोंड झाकून त्या स्वयंपाकघरात गेल्या. नळ बराच वेळ चालू होता.

सोमवारी सकाळी चहाच्या वेळी त्या दादाला म्हणाल्या, "राहू दे मग आजचं. मी फोन करून कॅन्सल करते." आवाज अगदी साधा ठेवला होता त्यांनी. दादानं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग कपाकडे.

"बरं," तो म्हणाला.

मला वाटलं, सुटला. मी खरंच तसं समजलो. पुढचा महिनाभर तो सकाळी अंगणात बसायचा, कधी ओक ट्री रोडच्या देशी बाजारापर्यंत गाडीतून यायचा, जिलबी बघायचा आणि मला खायला लावायचा. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. जुलैमध्ये मी परतलो. सहा आठवड्यांनी दादा गेला. सईनं फोनवर मला त्याचा चेहरा दाखवला.

गेल्या महिन्यात वहिनींचा फोन आला होता. तिथल्या मराठी मंडळाच्या अंकाला मजकूर हवाय, म्हणाल्या. "तुम्ही लिहा भावोजी. त्या चार दिवसांचं लिहा. मला त्यांनी काहीच सांगितलं नाही. सईला विचारलं तर ती रडते."

लिहितो म्हणालो.

मग त्या म्हणाल्या, "एक विचारायचं होतं. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी हे मला म्हणाले, 'त्या सोमवारी तुम्ही कुणीच मला विचारलं नाहीत. मला वाटलं, तुम्ही सगळे थकलात.' मी म्हटलं, अहो, भावोजींनी विचारलं होतं ना तुम्हाला नदीवर? तर नुसते माझ्याकडे बघत राहिले. औषधाच्या गुंगीत विसरले असतील. तुम्ही विचारलं होतंत ना?"

"विचारलं होतं," मी म्हणालो.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. फोन ठेवताना त्यांचा आवाज हलका झाला होता.

तेव्हापासून मी हे प्रवासवर्णन लिहितोय. नदी, डोंगर, वॉल्ट, कुत्र्याची शेपटी, सगळं लिहून झालं. दादानं त्या ओंडक्यावर काय उत्तर दिलं असतं, ते मला माहीत नाही. हो म्हणाला असता की नाही, ते आता कुणालाच कळणार नाही. थकलात असं त्याला वाटलं आणि तो बरं म्हणाला, एवढंच आता कळलंय. सई मराठी वाचत नाही. पण अंक घरी आला की वहिनी तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात.

वहिनी, मी विचारलं नव्हतं.